बाळंतिणीच्या खोलीतला चितारी

बाई गेल्या तो सोमवार होता. सकाळी दूधवाल्याने खालचं दार वाजवलं. दार उघडलं नाही. त्याने वर येऊन मला सांगितलं. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मी दार उघडलं. बाई खुर्चीत होत्या. कूलर चालू होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि वेळ लिहिली. दुपारपर्यंत हैदराबादहून पुतण्या पोचला. संध्याकाळी बाईंना घाटावर नेलं.

नंतर गल्लीतल्या एकीने मला विचारलं, "तुमच्या कोण होत्या हो त्या?"

"घरमालकीण," मी म्हटलं.

उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. बाकीचं इथे लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे, कारण बाई मला क्रमाने आठवत नाहीत.

पुतण्या सज्जन माणूस. तेराव्यानंतर त्याने मला खालच्या मोठ्या खोलीत नेलं आणि मधोमध उभं राहून विचारलं, "वहिनी, याचं काय करायचं?" भिंतीला लागून फळ्या होत्या आणि फळ्यांवर बिस्किटांचे रिकामे डबे होते. विलायती, पत्र्याचे, झाकणावर चित्रं असलेले. शेजारी जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळ्या, पोस्टकार्डं, तुकडे जुळवायच्या चित्रांची खोकी, चॉकलेटच्या पेट्या. प्रत्येक झाकणावर, प्रत्येक पानावर एक पाळणा होता, किंवा कुशीत तान्हं घेऊन बसलेली एक बाई. पुस्तकं एका कॉलेजच्या ग्रंथालयाने नेली. डबे मी गल्लीत वाटले. त्यामुळे आज नागपुरात, महाल भागातल्या आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत रवा, साबुदाणा आणि मेथ्या परदेशी बाळंतिणींच्या झाकणाखाली आहेत.

बाई चित्रकला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवायच्या. एकोणिसाव्या शतकात युरोपात घरगुती प्रसंगांची चित्रं फार निघाली, तो त्यांचा विषय. त्या चित्रांत राजे नसतात, देव नसतात, लढाया नसतात. चूल असते, पायरीवर बसलेली मांजर असते, सूत काढणारी आजी असते आणि पाळणा असतो. बाईंनी त्यातही फक्त बाळंतीण घेतली होती. तिच्यावर त्यांना प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शक म्हणाले, विषय बायकी आहे, एखादी लढाई घ्या. बाईंनी त्यांना विचारलं, "लढाईत चितारी कसा शिरला ते मला कळतं, सर. बाळंतिणीच्या खोलीत कसा शिरला, ते तुम्ही सांगा. मग विषय बदलते."

सरांना सांगता आलं नाही. पुढे सर निवृत्त झाले, प्रबंधाची मुदत संपली, बाईही निवृत्त झाल्या. प्रश्न तेवढा राहिला. तो त्या भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत कुणालाही विचारायच्या. मूर्ती आणि चित्रं करणाऱ्यांच्या चितारओळीजवळ जन्म गेल्यामुळे चित्रकाराला त्या कायम चितारीच म्हणत. "आपल्याकडे दहा दिवस बाप्याला आत पाय टाकू देत नाहीत. तिकडेही सुईणी होत्या, म्हाताऱ्या होत्या, त्याही काही कमी नव्हत्या. मग हा गृहस्थ रंगांची पेटी घेऊन आत गेला कसा? आणि गेलाच नसेल, तर काढलं काय?"

बँकेतले साहेब म्हणाले होते, "मॅडम, केवायसीचं राहिलं आहे तुमचं."

आम्ही घर पाहायला आलो, तेव्हाची गोष्ट. महालात घरमालक आडनाव विचारतात, खाणंपिणं विचारतात, पाहुणे किती येतात विचारतात. बाईंनी चहा दिला आणि बिस्किटांचा डबा समोर ठेवला. झाकण उघडायला माझ्या यजमानांनी हात पुढे केला, तर बाईंनी डबा मागे ओढला.

"काय दिसतं?"

"डबा," यजमान म्हणाले. ते लकडगंजात प्लायवूडच्या दुकानात विक्री पाहतात. दिसेल ते सांगायची त्यांना सवय आहे.

"डब्यावर?"

"एक बाई आहे. पाळणा आहे. दारात एक माणूस आहे."

बाई माझ्याकडे वळल्या. मी डबा हातात घेतला. दारातल्या माणसाने टोपी छातीशी धरली होती आणि त्याचा एक पाय उंबऱ्यावर होता. मी विचारलं, "हा आत येतो आहे की बाहेर चालला आहे?"

बाईंनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. जिना उतरताना यजमान म्हणाले, "आडनाव नाही, काही नाही. घर डब्यावर मिळालं आपल्याले."

बाईंच्या गळ्यात सुती नाडीला बांधलेलं भिंग असायचं. लांबून ते ताईत वाटे. रविवारी त्या रद्दीवाल्यांकडे फिरत आणि घरी आल्या की आणलेल्या चित्राचा निकाल लावत. तीन गठ्ठे होते: खरी, खोटी आणि सांगता येत नाही. तिसरा गठ्ठा सगळ्यांत मोठा होता. निकालाची त्यांची रीत वेगळी होती. रंग, रेषा, प्रकाश याबद्दल त्या फारसं बोलत नसत. पाणी कुठे ठेवलं आहे, चुलीवर काय आहे, या घरात आज स्वयंपाक कोण करतं आहे, ते पाहत. "घरात तान्हं आहे आणि एक दुपटं वाळत नाही," असं म्हणून त्यांनी एक सुंदर चित्र माझ्यासमोर खोट्यात टाकलं. ते चित्र मला आवडलं होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "आवडू द्या न. खोटं आवडायला काय हरकत आहे?"

त्यांचा एक विद्यार्थी आता जाहिरातींच्या कंपनीत आहे. तो भेटायला आला, तेव्हा त्याने सांगितलं की बाई पडद्यावर एक चित्र लावायच्या आणि पूर्ण तास तेच ठेवायच्या. एकदा एकाने चित्रकाराचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, "तास संपला की सांगीन. नाव कळलं की तुम्ही बघणं सोडता." आणि तास संपल्यावर सांगायला विसरल्या. मुलं त्यांना मागून 'आधीबघा' म्हणायची, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर तेच असायचं. आधी बघा.

मे महिन्यात, नागपूर तापलेलं असताना, बाई खिडक्या बंद करून कूलरपुढे बसत आणि गठ्ठ्यांतून बर्फातली चित्रं काढून पाहत. शेकोटी, लोकरीचे मोजे, काचेवर दव. मी खाली गेले की म्हणत, "दार लावून घ्या. यांना थंडी वाजून राहिली."

या सगळ्यात एक अडचण होती आणि ती बाईंना ठाऊक होती. चित्रातल्या शेकडो बाळंतिणी पाहिलेल्या या बाईंनी खरी बाळंतीण तिच्या खोलीत कधी पाहिली नव्हती. लग्न केलं नाही. भावजय बाळंतपणाला माहेरी गेली. गल्लीत कुणाकडे मूल झालं तर बाईंना बारशानंतर बोलावत, तेही दुरूनच पेढा देत. कुणी तोंडावर काही बोलत नसे. पण लेकुरवाळी नसलेली बाई, शिवाय भिंग लावून टक लावून पाहणारी, तिला ओल्या बाळंतिणीजवळ कोण बसवणार? एकदा त्या सरळ एका दवाखान्यात गेल्या. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर पहारेकऱ्याने अडवलं.

"माताजी, अंदर कौन है आपका?"

"कोई नहीं. देखना था."

"किसको?"

"किसी को भी."

त्याने त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं आणि घरचा फोन नंबर विचारला. हे सांगताना बाई इतक्या हसल्या की भिंग हलत राहिलं.

माझं बाळंतपण मे महिन्यातच झालं. माझी आई नव्हती, म्हणून रामटेकजवळच्या गावाहून सासूबाई आल्या. धान रोवणाऱ्या, कापणाऱ्या हातांच्या. चार मुलं वाढवलेल्या. त्यांनी आल्या आल्या कूलर बंद केला, खिडकीला चादर लावली, बाजेखाली शेगडी ठेवली आणि दाराला पडदा टांगला.

"बाळंतिणीले वारा चालत नाही," त्या म्हणाल्या. "पाय झाक."

मुलगी झाली होती. सगळे म्हणत, गोड आहे. मी हो म्हणत असे. मला सांगितलं की मी तिला घेई, सांगितलं की पाजी, झालं की खाली ठेवी. आणि मग भिंतीकडे तोंड करून पडे. मला वाईट वाटत नव्हतं, राग नव्हता. काहीच नव्हतं. पुस्तकांतून मी जे वाचलं होतं ते येईल म्हणून मी वाट पाहत होते. ते आलं नाही. दूधही पुरेसं आलं नाही.

सासूबाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. एका दुपारी गहू निवडता निवडता म्हणाल्या, "तू लेकराकडे पाहातच नाही वं."

मी पांघरूण वर ओढलं.

"मी रागवून नाही राहिली. होते असं एखादीचं. आमच्या गावात एक होती, तिले सहा महिने लागले." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "सव्वा महिना झाला का पोरगी मी गावाले नेईन. वरचं दूध तर पाजूनच राहिलो आपण. वर्षभर राहीन माह्याजवळ. तू तुही नोकरी पाहा, तब्येत पाहा."

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुले चालते न?"

"चालेल," मी म्हटलं. कुणी हातातली जड पिशवी घ्यावी तसं वाटलं. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिथे सुट्टीनंतर कधी रुजू व्हायचं, तेही त्याच संध्याकाळी ठरलं.

बाई रोज सकाळी जिन्याच्या वळणापर्यंत येऊन विचारपूस करत. वर येऊ का, असं त्यांनी एकदाच विचारलं. सासूबाई पडद्याबाहेर गेल्या.

"मास्तरीणबाई, राग नका मानू. सव्वा महिना होऊ द्या."

"राग नाही, ताई. घर माझं आहे, पण खोली तुमची आहे. मी इथे बाहेर बसू का? इथून विचारीन."

"काय इचारता?"

"बाळाबद्दल."

सासूबाई आत येऊन मला म्हणाल्या, "वाईट नाही थे बाई. पण टक लावून पाह्यते न. बसू दे तिकडंच."

दुपारी चारला बाई बसायला वेताचा मोडा घेऊन वळणावर आल्या. मांडीवर चित्रांचा गठ्ठा होता. पडद्याच्या फटीतून मला त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

"हाताची मूठ मिटलेली आहे की उघडी?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीकडे तोंड करून होते. "माहीत नाही," म्हटलं.

"आधी बघा न मग."

मी वळले. मुलगी शेजारी झोपली होती. "मिटलेली आहे."

"अंगठा?"

मला वाकावं लागलं. "आत आहे. बोटांच्या आत."

बाहेर कागद सळसळले. "खोटी," बाई म्हणाल्या. "ही पण खोटी. ही... ही तर टाळ्या वाजवून राहिली. ही पण."

"कोण खोटं वं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"चित्रं. हात उघडे दाखवले आहेत त्यात."

"बाप्यानं काढले असतीन," सासूबाई म्हणाल्या.

मग ते रोजचं झालं. बाळाची नजर माणसाकडे जाते की उजेडाकडे? कानावर लव आहे का? जांभई देताना कपाळाला आठ्या पडतात का? रंग गुलाबी आहे का? मी सांगितलं, गुलाबी नाही, जांभळट आहे, आणि तळव्यांची सालं निघत आहेत.

"सालं निघतात?" बाईंचा आवाज चढला. "तळव्यांची? कोणीच नाही काढलं हे. एकानेही नाही."

पहिल्या आठवड्यात सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. मग त्या मध्ये बोलू लागल्या. "मास्तरीणबाई, पायाचं इचारा न. तुमच्या चिताऱ्यानं पाय कसे काढले?"

"सरळ. खांबासारखे."

"मंग त्याले पोरं नसतीन. लेकराचे पाय बेडकासारखे राह्यते. आणि मान? मानेखाली हात हाय का तिच्या?"

"एका चित्रात आहे. बाकीच्यांत नाही."

"मारून टाकलं लेकरू," सासूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. त्या दिवसापासून एक कप वळणावर जाऊ लागला.

मला काही झालं, असं मी म्हणणार नाही. एवढंच की बाईंच्या प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणणं मला जड जाऊ लागलं. मी ग्रंथालयात काम करणारी. विचारलेलं शोधून द्यायची सवय. चार वाजायच्या आधी मी तिला पाहून ठेवू लागले, परीक्षेला जाणारं मूल पान चाळून ठेवतं तशी. ती भुकेली की आधी रडत नाही, जीभ बाहेर काढते. झोपेत डाव्या ओठाचा कोपरा हलतो, उजव्याचा हलत नाही. बाई जे विचारणार नाहीत तेही दिसू लागलं, आणि ते मी सांगितलं नाही. ते माझ्याकडे राहिलं.

तरी गावाला न्यायचं ठरलेलं होतं. सासूबाईंनी दुपट्यांची वेगळी पिशवी केली होती. मीही त्याला काही म्हटलं नव्हतं.

एका दुपारी बाईंनी पडद्याखालून एक चित्र आत सरकवलं. जुन्या पुस्तकातलं पान होतं, काळं-पांढरं. "हे खोट्यातलं," त्या म्हणाल्या. "वर्गात कायम हेच लावायचे, खोटं कसं ओळखावं ते शिकवायला. तुम्हाला दिसतं का बघा."

खोलीत माणसंच माणसं होती. बाप होता, आजी होती, दोन मोठी मुलं होती, शेजारीण वाडगा घेऊन आली होती. सगळ्यांच्या माना पाळण्याकडे वाकल्या होत्या. आजीचा हात पलंगावरच्या बाळंतिणीच्या खांद्यावर होता आणि तोंड उघडं होतं, म्हणजे ती काही सांगत असावी. बाळंतीण पाळण्याकडे पाहत नव्हती. तिच्यासमोर मेजावर पाण्याचा चंबू होता, नजर त्या बाजूला होती. पण ती चंबूही पाहत नव्हती.

"कळलं का?" बाई बाहेरून म्हणाल्या. "चिताऱ्याने कोणी भाड्याची बाई आणून बसवली. तासन्‌तास बसून ती कंटाळली. तिचं लक्ष उडालं आणि याच्या ध्यानात आलं नाही. बाकी चित्र किती नीट आहे. दुपटंसुद्धा वाळतं आहे कोपऱ्यात. एवढ्या एका चुकीने गेलं."

मी पान पुष्कळ वेळ धरून बसले होते. सासूबाई माझ्या पाठीशी येऊन पाहू लागल्या.

"बाई," मी म्हटलं, "हे खरं आहे."

"काय?"

"ही कंटाळलेली नाही. सगळे तिला सांगत आहेत, बघ म्हणून. तिला बघता येत नाही आहे. अजून."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

जिन्यावर मोडा सरकला. मग बाईंनी विचारलं, आणि तेव्हा पहिल्यांदा त्या मला एकेरीत बोलल्या, "तुला असं होतं आहे?"

"हो."

"अजून?"

ते मला ठरवता आलं नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे हा आत गेला होता." आणि मग, "किंवा घरातल्या कोणी तरी त्याला सांगितलं. आणि त्याने ऐकून घेतलं." मग पडद्याखालून त्यांचा हात आत आला, पान परत घ्यायला. बाई त्या खोलीत पहिल्यांदा आल्या त्या अशा, हातापुरत्या. सासूबाईंनी पाहिलं, आणि पान स्वतः उचलून त्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायला सुरुवात केली. मला वर ऐकू येत होतं. "मी बाई बोलते. ते पलंगावरच्या बाईचं चित्र आठवतं का? मी खोटं म्हणाले होते. ते खरं आहे. दुरुस्त कर." एक जण कसल्याशा मीटिंगमध्ये होता. "मग मीटिंग झाल्यावर दुरुस्त कर," बाई म्हणाल्या. काहींना चित्र आठवत नव्हतं. त्यांना बाईंनी पूर्ण वर्णन करून सांगितलं आणि मग दुरुस्त करायला लावलं. काहींना बाईही चटकन आठवल्या नाहीत. तरी त्यांनी फोन थांबवले नाहीत.

सव्वा महिना झाला. सासूबाईंनी नव्या साडीची घडी मोडली, पिशव्या दाराशी आणल्या, यजमान रिक्षा आणायला खाली गेले. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर होती. त्या तिला टोपडं घालत होत्या.

"उजव्या कुशीवर झोपवू नका," मी म्हटलं. "डोळा उघडतो तिचा."

"बरं."

"आणि भूक लागली की ती आधी रडत नाही. जीभ काढते. तेव्हाच द्यायचं. रडल्यावर दिलं तर ठसका लागतो."

"चार लेकरं वाढवले म्या. मले काय सांगून राहिली?"

"आंघोळीत हात मोकळे राहिले की दचकते. एक हात धरून ठेवावा लागतो. डावा. उजवा धरला तर ओढून घेते."

"धरीन."

"भांडं पडल्याचं भीत नाही, पण कुणी शिंकलं की भिते. मग पाठीवर थोपटून उपयोग नाही. टाळूवर हात ठेवायचा, फिरवायचा नाही, नुसता ठेवायचा. आणि दिवा बदलला की तिला कळतं. आणि झोपताना ती आधी एकदा खोटं झोपते. तेव्हा खाली ठेवायचं नाही. खरं झोपली की डाव्या ओठाचा कोपरा..."

"अजून हाय?"

"आहे."

सासूबाई टोपड्याचा बंद हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी बोलत होते आणि मला थांबता येत नव्हतं. नखांचं राहिलं होतं. पोटावर ठेवल्यावर ती कुठे पाहते ते राहिलं होतं. मी ते सांगितलं. मग त्या उठल्या, मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून म्हणाल्या, "एवढं कोण ध्यानात ठेवीन? ठेव तुह्याचपाशी."

जिन्यातून यजमान वर येत होते. "आई, रिक्षा आली."

"जाय गा, त्याले सांग, एकच सवारी हाय," सासूबाई म्हणाल्या.

खाली वळणावर बाई उभ्या होत्या. निरोप द्यायला आल्या असतील. जिना उतरता उतरता सासूबाईंनी त्यांना सांगितलेलं मी ऐकलं. "जा वर, मास्तरीणबाई. पाहून घ्या पोटभर. आणि हात धुऊन जा."

बाई आत आल्या. हात धुतले, पदराला पुसले, भिंग काढून खिडकीत ठेवलं. मी मुलगी त्यांच्याकडे दिली. त्यांनी तिला चित्रातल्यासारखं धरलं, दोन्ही हात पुढे, ताट धरल्यासारखे. सासूबाई पिशवी टाकून मागोमाग वर आल्या होत्या. "मान धरा, बाई, मान. चित्र नाही थे." त्यांनी बाईंचा कोपर वाकवून मुलीच्या मानेखाली नेला. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वजन किती आहे. चित्रात वजन कोणालाच दाखवता आलं नाही."

नंतरच्या वर्षांत बाईंनी तिचे कधी लाड केले नाहीत. खाऊ आणला नाही, पापा घेतला नाही. ती खाली गेली की त्या तिच्याकडे पाहत, ती बाईंकडे पाहे. पाच-सहा वर्षांची असताना तिने विचारलं, "बाई, तुमचं बाळ कुठाय?"

"मला झालं नाही."

"काहून?"

बाईंनी खरंच विचार केला. "बघत बसले," त्या म्हणाल्या, "तेवढ्यात वेळ गेला."

मुलीला ते उत्तर पटलं. ती म्हणाली, "माझं पण दूध असंच थंड होते."

माया कधी आली, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. सासूबाई म्हणतात, ती आधीपासूनच होती. बाईंचं म्हणणं होतं की ती पाहता पाहता तयार होते, आणि ज्यांनी कुणी ती एका झटक्यात आलेली दाखवली, त्यांची चित्रं त्यांनी शेवटपर्यंत खोट्यात ठेवली. दोघींपैकी कोण बरोबर, हे मी ठरवलेलं नाही.

खालच्या मजल्याला कुलूप आहे. पुतण्या घर विकणार आहे, आम्हाला दुसरं पाहावं लागेल. सासूबाई गावी असतात, गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढता येत नाही. मुलगी दहावीत आहे. ती माझ्याजवळ आहे.